१७ वर्षांखालील फुटबॉल विश्वचषक मैदानावर जाऊन बघण्यासारखा असतो का?

नामांकित खेळाडू नसताना पोरांच्या मॅचसाठी एवढा प्रवास कशाला, असं तुम्ही विचारलंय. माझ्या मते जरूर जावं आणि घरातल्या पोरांनाही न्यावं.

२०१७ ला ही स्पर्धा भारतात झाली. दिवाळीची सुट्टी होती, म्हणून पुतण्याला आणि त्याच्या दोन मित्रांना घेऊन सांगलीहून नवी मुंबई गाठली. २५ ऑक्टोबर, डी. वाय. पाटील स्टेडियम, स्पेन विरुद्ध माली, उपांत्य सामना. स्पेनच्या आबेल रुईझने पहिल्या हाफमध्येच दोन गोल केले. नंतर मालीच्या डुकुरेने लांबून मारलेला बॉल बारला लागून गोलरेषेच्या आत पडला आणि बाहेर आला. पंचांनी गोल दिला नाही! दिला असता तर २-१ झालं असतं. शेवटी स्पेन ३-१ ने जिंकलं. पुतण्या पुणे येईपर्यंत त्या एका गोलवरच बोलत होता. आपल्याच वयाची पोरं असं खेळतात, हे टीव्हीवर त्याला कधी पटलं नव्हतं.

आणि नावाचं म्हणाल तर स्पेनचा तिसरा गोल पुढे बार्सिलोनाकडून खेळलेल्या फेरान टोरेसचा होता. तीन दिवसांनी कोलकात्यात इंग्लंडने स्पेनविरुद्ध ०-२ वरून ५-२ अशी फायनल मारली, त्यात पुढे मँचेस्टर सिटीकडून गाजलेल्या फिल फोडनचे दोन गोल. ही पोरं नाव होण्याआधी बघायला मिळतात. मोठी पोरं वय लपवून खेळतात अशी शंका असेल, तर २००९ पासून या स्पर्धेत मनगटाचा एमआरआय करून हाडांच्या वाढीवरून वय तपासतात.

भारत गटातच बाद झाला. तरी कोल्हापूरचा अनिकेत जाधव संघात होता, त्यामुळे आमच्याकडे तो संघ घरचा वाटायचा. कोलंबियाविरुद्ध ८२ व्या मिनिटाला जॅक्सन सिंगने हेडरने बरोबरी साधली. फिफाच्या विश्वचषकातला भारताचा तो पहिला गोल. पुढच्याच मिनिटाला कोलंबियाने दुसरा मारला. मला वाटतं आपण कमी पडलो ते तिथे. आनंद आवरून लगेच आपापल्या जागेवर उभं राहायची सवय लहानपणापासून मोठ्या मॅचेस खेळूनच लागते, आणि त्या आपल्या पोरांना मिळत नाहीत.

घरात मुलगी असेल तर तिलाही न्या. २०२२ ला मुलींच्या याच विश्वचषकाची फायनल त्याच डी. वाय. पाटील मैदानावर झाली, स्पेनने कोलंबियाला १-० ने हरवलं. पुतणी शाळेच्या संघात खेळायची, पण सहामाही परीक्षेचं कारण सांगून मी तिला नेलं नाही. त्याची चुटपुट अजून आहे.