संथ सिनेमा आणि रेंगाळलेली मालिका

तुमच्या प्रश्नात दोन तक्रारी एकत्र आल्या आहेत. गाजलेल्या मालिका पहिल्या सीझननंतर ताणल्या जातात, ही एक. दुसरी अशी की, त्याला वैतागून तुम्ही जागतिक सिनेमाकडे वळलात, ‘सर्वोत्तम’ यादीत पहिला दिसला म्हणून ‘जान दिलमान’ लावलात आणि पाऊण तासात झोपलात. आता विचारताय, दोष माझा की सिनेमाचा?

दोष यादी वाचण्याच्या पद्धतीचा. ‘साइट अँड साउंड’ हे ब्रिटिश मासिक दर दहा वर्षांनी समीक्षकांचा कौल घेतं आणि २०२२च्या कौलात दिग्दर्शिका शांताल अकरमनचा हा १९७५चा सिनेमा पहिला आला. मत देणाऱ्यांनी आयुष्यभर सिनेमे पाहिलेले असतात. नेहमीची भाषा त्यांना पाठ असते, त्यामुळे ती मोडणारा सिनेमा त्यांना थरारक वाटतो. आपण कुठून सुरुवात करावी, हे सांगण्यासाठी त्यांनी ती यादी केलेलीच नाही. २०१ मिनिटांचा सिनेमा, त्यात एक विधवा बाई स्वयंपाक करते, भांडी घासते, बिछाना आवरते आणि कॅमेरा जागचा हलत नाही. पहिल्याच दिवशी हे पाहून झोप आली तर नवल काय!

तरी तुमचं काय हुकलं ते सांगतो, म्हणजे ‘संथ’ शब्दाचा हिशेब लागेल. सिनेमात तीन दिवस आहेत. पहिल्या दिवशी तिची प्रत्येक हालचाल जागच्या जागी असते. खोलीतून बाहेर पडताना दिवा बंद, पैसे टेबलावरच्या, सूप वाढायच्या भांड्यात आणि वर झाकण. दुसऱ्या दिवशी बटाटे जास्त शिजतात. ते भांडं हातात घेऊन ती घरभर फिरते, टाकावे कुठे ते तिला सुचत नाही. पैशांच्या भांड्यावर झाकण ठेवायचं राहतं. एवढंच घडतं, पण पहिला दिवस नीट पाहिलेल्या माणसाला तिथे धस्स होतं. पुढचं सांगत नाही. दिग्दर्शिकेची तेव्हा पंचविशीही पूर्ण झाली नव्हती, हे मात्र सांगायलाच हवं.

म्हणजे वेळ जातो, पण तो कुठेतरी जमा होत असतो. तुमच्या मालिकांची तक्रार याच्या बरोबर उलट आहे. तिथे दर मिनिटाला काहीतरी घडतं, पण जमा काहीच होत नाही. नायकाला कळलेलं गुपित तो मित्राला सांगतो, मित्र बहिणीला सांगतो, मग बहीण येऊन नायकालाच विचारते, ‘हे खरं आहे का?’ प्रेक्षकाला तीच बातमी तीनदा. अलीकडे हे वाढलंय ते आपल्यामुळेही. मालिका समोर चालू असते आणि नजर फोनवर. नजर नसली तरी कान असतात, म्हणून लिहिणारे सगळं संवादातच कोंबतात.

पाणी घालण्यामागे बऱ्याचदा गणितही असतं. तुमच्या घरी सगळे ज्यात अडकलेत त्या तुर्की मालिकाच घ्या. त्यांच्या देशात आठवड्याला एक भाग येतो आणि तो दोन तासांहून मोठा असतो. वाहिनीला सगळी रात्र एकाच मालिकेवर आणि तिच्या जाहिरातींवर काढायची असते. दर आठवड्याला जवळजवळ एका सिनेमाइतकं चित्रण करायचं म्हटल्यावर खिडकीतून बघणारी नायिका, मागे व्हायोलिन आणि समोर रोखून पाहणारा नायक यांत पाच मिनिटं जाणारच. परदेशात विकताना त्याच भागाचे तुकडे करतात. म्हणून तुम्हाला भाग भलत्याच ठिकाणी संपल्यासारखा वाटतो. घरच्यांना मात्र नावं ठेवू नका. त्या रोखून पाहण्यात मजा असते, आणि ती मीही घेतो.

कोरियन मालिका बऱ्याचदा सोळा भागांत संपतात, त्यामुळे बाराव्या-तेराव्या भागातली मरगळ सोडली तर निभावून जातात. जर्मन ‘डार्क’ तीन सीझन आणि सव्वीस भागांत २०२० साली संपली. डोकं पिंजून काढते, पण तिला सुरुवातीपासून माहीत होतं की आपल्याला कुठे जायचंय. नवीन मालिका निवडताना मी आता आधी हेच बघतो, शेवट ठरलेला आहे का? ‘मर्यादित मालिका’ असा शिक्का असेल तर अर्धी काळजी मिटते.

उदाहरणच हवं तर २०२५ची ‘अ‍ॅडोलेसन्स’. चारच भाग आणि प्रत्येक भाग एकाच सलग शॉटमध्ये. आधी मला ही कसरत वाटली होती. तिसऱ्या भागात मत बदललं. एक खोली, तेरा वर्षांचा आरोपी मुलगा आणि त्याच्याशी बोलायला आलेली मानसशास्त्रज्ञ. ती त्याच्यासाठी हॉट चॉकलेट घेऊन येते, तो हसतखेळत बोलतो आणि थोड्या वेळाने तोच कप उडवून देतो. मध्ये कट नसल्यामुळे तो गोड मुलगा असा हिंसक नेमका कोणत्या वाक्याला झाला, हे शोधायला आपल्याला मागे जाता येत नाही. त्या बाईसारखेच आपणही खोलीत अडकतो. ‘द पिट’मध्येही वेळेचाच खेळ आहे. एका सीझनमध्ये रुग्णालयातली एक पाळी, पंधरा तास, पंधरा भाग. मात्र रक्त बघवत नसेल तर तिच्या वाटेला जाऊ नका.

आता सिनेमा. सुरुवात इराणच्या असगर फरहादीच्या २०११च्या ‘अ सेपरेशन’पासून करा. बर्लिन महोत्सवात गोल्डन बेअर आणि पुढच्या वर्षी ऑस्कर मिळालं म्हणून नव्हे. तो कौटुंबिक नाटकाच्या वेषातला रहस्यपट आहे म्हणून. पहिल्याच दृश्यात नवराबायको न्यायाधीशासमोर बसून भांडतात आणि कॅमेरा न्यायाधीशाच्या जागी असतो. त्याचा आवाज येतो, चेहरा दिसत नाही. म्हणजे निवाडा करायला आपल्यालाच बसवलंय. तिला मुलीला घेऊन देश सोडायचाय, त्याला स्मृतिभ्रंश झालेल्या वडिलांना सोडवत नाही. दोघंही बरोबर, आणि पंचाईत तिथूनच सुरू होते.

त्यातलं एक दृश्य मला कधीही आठवतं. वडिलांची देखभाल करायला ठेवलेली बाई फार धार्मिक आहे. म्हाताऱ्याचे कपडे खराब होतात आणि परक्या पुरुषाला स्वच्छ करणं पाप ठरेल की काय, हे विचारायला ती चक्क धार्मिक सल्ल्यासाठी फोन लावते. तिची छोटी मुलगी बाजूला उभी राहून सांगते, मी बाबांना सांगणार नाही. त्या एका वाक्यात त्यांच्या घरातली भीती कळते. कुणी कुणाला काही समजावून सांगत नाही. मालिकेत याच गोष्टीवर दोन भाग निघाले असते.

हा आवडला तर मग जपानी दिग्दर्शक ओझूचा ‘टोकियो स्टोरी’, १९५३चा. म्हातारे आईवडील शहरातल्या मुलांकडे येतात, मुलांना वेळ नसतो, म्हणून त्यांना गरम पाण्याच्या झऱ्यांच्या गावी पाठवून देतात. तिथे रात्रभर गोंगाट, झोप नाही. सकाळी दोघं समुद्राच्या बांधावर बसतात आणि उठताना आईला जराशी घेरी येते. कॅमेरा जमिनीलगत, जवळजवळ हलतच नाही, कुणी रडून ओरडत नाही. वाईट वागणारी मुलं दुष्टही नाहीत, नुसती कामात आहेत, आणि म्हणूनच तो बोचतो. तो सुट्टीच्या सकाळी बघा, रात्री अकराला नको. वेगाची सवय मोडवत नसेल तर मधला टप्पा म्हणून कोरियन सिनेमा ‘पॅरासाइट’ आहेच. त्यात झोप लागली तर मात्र डॉक्टरांना भेटा.

डबिंगबद्दल विचारलंत. मी सबटायटलच्या बाजूचा आहे, आणि त्यात शुद्धतेचं सोवळं नाही. वाचायचं असलं की फोनकडे बघता येत नाही, निम्मं काम तिथेच होतं. शिवाय फरहादीच्या सिनेमात कोण कुणाशी दबून बोलतंय आणि कोण आवाज चढवतंय यावर सगळा डोलारा आहे. डबिंगमध्ये सगळे एकाच स्टुडिओत शिकल्यासारखे बोलतात. डोळ्यांचा त्रास असेल किंवा बरोबर मुलं असतील तर खुशाल डब केलेला बघा, त्यात कमीपणा नाही.

‘अर्ध्यात सोडला तर चालेल का’ याचं उत्तर, हो. मी अर्धा तास देतो. त्यात एकही माणूस खरा वाटला नाही तर बंद. माणूस खरा वाटतोय पण गोष्ट सुरू झाली नाही, एवढीच तक्रार असेल तर आणखी थांबतो.

शेवटचा प्रश्न ‘सेव्हरन्स’ या मालिकेचा, दुसऱ्या सीझनआधी पहिला पुन्हा बघावा का? पहिला सीझन २०२२ला, दुसरा २०२५ला, मधल्या काळात कोण कोणाचा कोण हे विसरलात तर दोष तुमचा नाही. पहिला पुन्हा पूर्ण बघायची गरज नाही. त्याचा शेवटचा भाग तेवढा बघा आणि थेट दुसऱ्यात शिरा. तिथेही मधले काही भाग रेंगाळतात, पण शेवटच्या भागासाठी मी ते माफ केलेत.