काजूच्या टरफलांवर नको!

प्रश्न : अमेरिकेत टेक्सासला बीफच्या बरगड्या दिवसभर लाकडाच्या धुरावर ठेवतात, ते व्हिडिओत बघून नातवाने हट्ट धरलाय. मागीलदारी पत्र्याचं जुनं पिंप आहे, जाळायला काजूची टरफलं रग्गड. मांस कुठलं घ्यावं, कसं करावं? – एक वाचक, वेंगुर्ले

उत्तर : आधी ती टरफलं बाजूला करा, भाऊ. त्यांच्या तेलाने कातडी कशी भाजते हे वेंगुर्लेकराला मी काय सांगू? तो धूर जेवणाला लावायचा नाही. आंब्याची नाहीतर जांभळीची सुकी फाटी घ्या, खाली करवंटीचा कोळसा. पिंपावर जस्ताचा मुलामा असेल किंवा आत कधी रंग, रसायन भरलेलं असेल, तर तेही नको.

आता मांस. महाराष्ट्रात गायीच्या कत्तलीला आधीपासूनच बंदी होती, २०१५पासून बैल, वळू यांच्याही कत्तलीला आहे. म्हैस-रेडा त्यात येत नाही. तेव्हा परवाना असलेल्या दुकानातून बड्याचं घ्यायचं ते म्हशीचंच. आदल्या दिवशी सांगून ठेवा : तीन-चार हाडांची पट्टी अख्खी हवी, वर दोन बोटं मांस हवं. न सांगता गेलात तर तो सवयीने रश्शाचे तुकडे पाडून मोकळा होईल.

व्हिडिओतल्या मांसात चरबीच्या रेषा असतात, तशा म्हशीच्यात फारशा नसतात. त्यामुळे तिथल्या घड्याळाने गेलात तर वाळकं लाकूड चावाल. हाडाकडचा पातळ पडदा सुरीने सोडवा, मीठ आणि जाडी मिरीपूड चोळून रात्रभर फ्रिजमध्ये ठेवा. विस्तव एका बाजूला, मांस दुसऱ्या बाजूला, आतली हवा साधारण १२० अंश सेल्सिअस. दुपारी खारा वारा सुटला की आग भडकते, म्हणून पिंपाचं भोक वाऱ्याच्या उलट बाजूला ठेवा. (शेजारी कोण राहतं तेही बघा!) धूर विरळ, निळसर हवा. पांढरा, दाट धूर निघाला तर फाटी ओली आहेत. मांस कडू होणार. अधूनमधून पाण्यात मोडलेलं कोकमाचं आगळ शिंपडा. ते खारट असतं, मीठ त्या मानाने कमी लावा.

मांस आतून ६५-७० अंशांवर आलं की त्यात खुपसलेल्या तापमापकाचा काटा तासन् तास हलत नाही. घाबरून जाळ वाढवू नका. वरचं पाणी उडत असतं, त्याने ते माठासारखं गार राहतं. अशा वेळी केळीच्या पानात, वर फॉइलमध्ये घट्ट गुंडाळून पुन्हा ठेवा. हाडालगतचे चिवट धागे विरघळायला आत ९५ अंशांच्या आसपास जावं लागतं. सहा-आठ तास धरा, पण खरी खूण सुईची : विनाअडथळा आत गेली पाहिजे. मग अर्धा तास तसंच झाकून ठेवा.

सोबत तांदळाची भाकरी आणि कच्चा कांदा. बाटलीतला गोड सॉस नातवाला हवाच असेल तर त्याच्या ताटात वाढा, पट्टीवर ओतू देऊ नका.