पंखा बंद करू नका

प्रश्न : माडावरून पडल्यामुळे माझ्या यजमानांच्या मानेच्या मणक्याला इजा झाली असून ते अंथरुणाला खिळून आहेत. हवेच्या गादीचा पंप आणि पंखा दिवसरात्र चालतो, अंघोळीसाठी रोज गिझर लागतो. बिल परवडेना म्हणून दुपारी पंखा बंद ठेवू लागले आहे. मागचे बिल थकले आहे. वीज तोडतील का?
— एक वाचक, गुहागर तालुका

उत्तर : ताई, आधी पंखा सुरू करा. मानेच्या मणक्याला अशी इजा झाली की त्याखालच्या भागाला पुरेसा घाम येत नाही आणि शरीर स्वतःहून थंड होऊ शकत नाही. आपल्याकडच्या मे महिन्यातल्या दमट दुपारी पंखा ही त्यांची चैन नाही, तो उपचाराचाच भाग आहे. गादीचा पंपही बंद करू नये. तो अगदी थोडी वीज घेतो आणि पाठीला जखमा होण्यापासून वाचवतो.

बिल वाढते ते गिझरने. 2,000 वॉटचा गिझर अर्ध्या तासात एक युनिट घेतो, तर 75 वॉटचा साधा पंखा तेवढ्याच विजेत तेरा तास चालतो, आणि 30 वॉटचा बीएलडीसी (कमी वीज घेणाऱ्या मोटरचा) पंखा तेहतीस तास. महावितरणच्या घरगुती दरात 100 युनिटांच्या पुढच्या युनिटांचा दर जवळजवळ दुप्पट असल्यामुळे गिझरचे महिन्याचे तीस युनिट वाचले तर फरक ठळक दिसेल. मागील दारी नारळाची सोडणे (सालटे) आणि चुडते (सुकलेल्या झावळ्या) जाळून पाणी तापवता येईल. मात्र यजमानांना चटका कळणार नाही, म्हणून पाणी अंगावर घालण्यापूर्वी स्वतःचे कोपर बुडवून पाहावे.

वीज अशी अचानक तोडता येत नाही. विद्युत अधिनियम, 2003 च्या कलम 56 नुसार थकबाकीसाठी पुरवठा तोडण्यापूर्वी किमान 15 दिवसांची लेखी नोटीस द्यावी लागते. नोटिशीची वाट न पाहता महावितरणच्या उपविभाग कार्यालयात दिव्यांग प्रमाणपत्राची प्रत जोडून हप्त्यांसाठी अर्ज करा.

ग्रामपंचायतीने स्वउत्पन्नाचे 5 टक्के दिव्यांगांच्या कल्याणासाठी खर्च करणे राज्यात बंधनकारक आहे. हा उपकार नव्हे, म्हणून संकोच न करता लेखी मागणी करा आणि पोच घ्या. त्यात इन्व्हर्टर अवश्य मागा, कारण पावसाळ्यात तारांवर फांदी पडून वीज गेली की पंप थांबतो आणि गादीतली हवा कमी होऊ लागते. इन्व्हर्टर मिळेपर्यंत अशा वेळी दर दोन तासांनी त्यांची कूस बदलत राहा.