गच्चीवरून फेकलेला चेंडू किती वेगाने आदळतो?

प्रश्न : माझी मुलगी अकरावीत विज्ञान शाखेत शिकते. २० मीटर उंच गच्चीवरून १५ मीटर प्रतिसेकंद वेगाने आडवा फेकलेला चेंडू जमिनीवर किती वेगाने आदळेल, या उदाहरणाचे तिचे उत्तर ३५ आले. पुस्तकात २५ आहे. चूक कोठे झाली? आणि चेंडू तिरका फेकला, तर उत्तर बदलेल का?
– एक पालक, नाशिक रोड

उत्तर : आपल्या मुलीने दोन्ही वेग अचूक काढले आहेत; चुकली ती त्यांची बेरीज. हवेचा रोध सोडून दिला, तर हातातून सुटलेल्या चेंडूवर केवळ गुरुत्वाकर्षणाचे बल असते आणि ते सरळ खाली ओढते. त्यामुळे आडवा वेग शेवटपर्यंत १५ च राहतो, तर उभा वेग शून्यापासून सुरू होऊन दर सेकंदाला सुमारे १० ने वाढतो आणि २० मीटर पडण्यास लागणाऱ्या २ सेकंदांत २० होतो. या दोन गती एकमेकींत ढवळाढवळ करीत नाहीत, हे गॅलिलिओने १६३८ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात मांडले. वेगाला दिशा असते, म्हणून काटकोनात असलेले १५ आणि २० पायथागोरसच्या नियमानेच मिळवावे लागतात : २२५ अधिक ४०० म्हणजे ६२५, आणि त्याचे वर्गमूळ २५. ही दिशा क्षितिजाखाली सुमारे ५३ अंशांची असते. तीही उत्तरात लिहावी, कारण तिच्याविना उत्तर अपुरे राहते. पुष्कळ विद्यार्थी येथे अंतिम वेग शून्य धरतात. परंतु विचारलेला वेग जमिनीला टेकण्याच्या क्षणाचा असतो, चेंडू थांबल्यानंतरचा नव्हे.

दुसरा प्रश्न मला अधिक मोलाचा वाटतो. चेंडू कोणत्याही दिशेने फेकला, तरी अंतिम वेगाचा वर्ग हा सुरुवातीच्या वेगाचा वर्ग अधिक २gh (g म्हणजे गुरुत्वीय त्वरण, येथे सुमारे १०, आणि h म्हणजे उंची) इतकाच असतो, कारण ऊर्जेचा हिशोब दिशा पाहत नाही. हाच चेंडू सरळ वर फेकल्यास ४ सेकंदांनी, आडवा फेकल्यास २ सेकंदांनी आणि सरळ खाली फेकल्यास १ सेकंदाने जमिनीवर येईल. वेगाचे मूल्य मात्र तिन्ही वेळा २५ च असेल, बदलेल ती आदळण्याची दिशा.

आपल्या देवळालीच्या तोफखाना प्रशालेत शिकवल्या जाणाऱ्या तोफगोळ्यांना मात्र हे सूत्र जसेच्या तसे लावता येत नाही. ध्वनीहून वेगवान गोळ्याला हवेचा रोध इतका जाणवतो, की त्याचा आडवा वेगही वाटेत सतत घटत जातो.