नेक्सॉन गल्लोगल्ली, मग नफा एवढासाच कसा?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा: वडिलांनी घेऊन ठेवलेल्या टाटा मोटर्सच्या शेअरचे आता दोन कंपन्यांचे शेअर झालेत. म्हणून २०२३-२४ चे आकडे काढून बसलात, तर प्रवासी गाड्यांच्या विभागाचा ऑपरेटिंग नफा चिमूटभर, एके ठिकाणी मात्र ६.५ टक्के लिहिलेला. आणि इकडे दापोलीपासून हर्णैपर्यंत बघावं तिथे अंगणात नेक्सॉन नाहीतर पंच उभी. आकडा चुकलाय का?

चुकलेला नाही. तुम्ही गाड्या मोजताय, तिथे पैसे मोजलेत.

त्या वर्षी या विभागाने सुमारे ५ लाख ७० हजार गाड्या विकल्या. महसूल साधारण ५२,४०० कोटी आणि एबिट, म्हणजे व्याज आणि कर वजा करण्याआधीचा नफा, २ टक्के. भागाकार करा, गाडीमागे जेमतेम १८ हजार रुपये उरतात. नवी गाडी घरी आणताना लोक सीट कव्हर आणि म्युझिक सिस्टीमवर त्याहून जास्त उडवतात!

आता टाटा मोटर्सचीच इंग्लंडातली कंपनी जग्वार लँड रोव्हर, म्हणजे जेएलआर, बघा. गाड्या ४ लाखच, पण महसूल २९ अब्ज पौंड आणि एबिट ८.५ टक्के. त्या वर्षीच्या दराने हा नफा २५ हजार कोटींच्या वर जातो, गाडीमागे सहा लाखांहून जास्त. ट्रक-बस-टेम्पोंचा विभाग मधला: ७८,८०० कोटींवर ८.२ टक्के, म्हणजे साडेसहा हजार कोटींच्या आसपास. तिघांचा नफा एक रुपया धरला तर जेएलआरचे ७७ पैसे, व्यावसायिक वाहनांचे २० आणि तुमच्या नेक्सॉन-पंचवाल्यांचे ३.

तुम्ही वाचलेला ६.५ टक्के हा आकडाही खरा आहे, पण तो एबिट्डा. घोळ सगळा इथेच होतो.

मी नोकरीची बरीच वर्षं रत्नागिरीत बँकेच्या कर्ज विभागात काढली. मिरकरवाड्याचे ट्रॉलरवाले कर्जाला यायचे ते हिशेबाची वही घेऊन. डिझेल, बर्फ, रेशन, खलाशांचे वाटे, सगळं तारीखवार, चोख. शेवटी मोठ्ठा आकडा आणि त्याखाली दोन रेघा. एकाला मी विचारलं, "इंजिन कधीचं?" म्हणाला, "बारा वर्षं झाली, सायेब. चालतंय ना अजून!" मग जाळ्याचं विचारलं. ते पुढच्या हंगामाला बदलायचं होतं, आणि कर्ज नेमकं त्यासाठीच हवं होतं. वहीतला नफा खोटा नव्हता, फक्त त्यात इंजिन आणि जाळं झिजतच नव्हतं. त्याच्या दोन रेघांवरचा आकडा म्हणजे एबिट्डा. झीज वजा करून उरतो तो एबिट.

गाडीच्या कारखान्यात ही झीज नुसती यंत्रांची नसते. नवं मॉडेल तयार करायचा बराचसा खर्च त्याच वर्षी खर्ची न टाकता मालमत्ता म्हणून धरतात आणि पुढच्या काही वर्षांत थोडा थोडा वजा करतात. एबिट्डात तो दिसतच नाही. प्रवासी विभाग ६.५ वरून २ वर आला तो या वजाबाकीमुळे. खरं तर जेएलआरची घसरण जास्त मोठी आहे, १५.९ वरून ८.५, पण वरूनच उंच असल्याने खाली हातात काही राहतं. शिवाय त्या वर्षी इलेक्ट्रिक गाड्यांचा एबिट्डासुद्धा उणे होता. तो भार पेट्रोल-डिझेल-सीएनजीवाल्यांनी वाहिला.

विभागवार नफ्यात कर्जावरचं व्याज धरलेलं नसतं, तेवढं ध्यानात ठेवा. त्या वर्षीच्या निव्वळ नफ्यावरही जाऊ नका, त्यात स्थगित कराची, म्हणजे पुढे वाचणाऱ्या कराची आत्ताच धरलेली, मोठी जमा रक्कम आहे, आणि तिचा गाड्या विकण्याशी संबंध नाही.

आता शेअरचं. १ ऑक्टोबर २०२५ पासून विभाजन लागू झालं, एकास एक. पण नावांनी फसू नका. 'टाटा मोटर्स' हे नाव ट्रकवाल्या कंपनीकडे गेलं. कलमांखालून आंब्याच्या पेट्या रस्त्यापर्यंत आणतो तो छोटा हत्ती त्यांचाच. दुसरी 'टाटा मोटर्स पॅसेंजर व्हेईकल्स', आणि जेएलआर तिच्यात आहे. म्हणजे नाव प्रवासी गाड्यांचं असलं तरी तुमच्या हातात मुख्यतः इंग्लंडातला धंदा आहे. तिकडे सप्टेंबर २०२५ मध्ये सायबर हल्ल्याने जेएलआरचं उत्पादन काही आठवडे बंद पडलं, आणि दापोलीत कितीही पंच खपल्या तरी त्या तिमाहीचं नुकसान भरून निघण्यातलं नव्हतं. या कंपनीचे तिमाही निकाल आले की आधी जेएलआरचा एबिट बघा, नेक्सॉनचा खप मग.

आणि एक, विकायचं ठरवलंत तर वडिलांची मूळ खरेदी किंमत दोन्ही शेअरमध्ये विभागावी लागते. निम्मी-निम्मी नाही, त्याचं प्रमाण कंपनीने जाहीर केलंय. ते काढून सीएला द्या, नाहीतर भांडवली नफ्याचा आकडा चुकेल.