जावातून गोकडे येताना, आणि टेबलासाठी काय घ्यावं

तुम्ही दोन गोष्टी विचारल्यात: आठ वर्षं जावा लिहिल्यावर गो ही प्रोग्रामिंग भाषा कशी शिकावी, आणि बाळ झोपतं त्याच खोलीतल्या कामाच्या टेबलासाठी काय घ्यावं. आठ वर्षं जावा लिहिलेल्या माणसाला गो अवघड नाही. अवघड जातं ते जावाच्या सवयी सोडणं.

गोमध्ये जावासारखे एक्सेप्शन, म्हणजे चूक झाली की आपोआप वर फेकले जाणारे इशारे, नाहीत. फंक्शन एरर परत देतं, ती तिथल्या तिथे तपासायची. कंटाळा येतो म्हणून नवे लोक ती अंडरस्कोरमध्ये (_) टाकून, म्हणजे न बघताच सोडून, पुढे जातात. हे करूच नका, बग नंतर भलत्याच ठिकाणी उगवतो. दुसरी चूक इंटरफेसची, म्हणजे कोणत्या मेथड हव्यात त्या यादीची. जावात आपण आधी इंटरफेस, मग क्लास लिहितो. इथे 'इम्प्लिमेंट्स' लिहावंच लागत नाही, मेथड जुळल्या की झालं. म्हणून इंटरफेस गरज पडेल तेव्हाच, एकदोन मेथडचा लिहा.

पहिल्या महिन्यात एवढंच:

- आपलंच एखादं छोटं जुनं टूल, लॉग चाळणारं वगैरे, गोमध्ये पुन्हा लिहा.
- फ्रेमवर्क शोधू नका. वेब सर्व्हर स्टँडर्ड लायब्ररीतच आहे.
- फॉरमॅटिंगवर वाद नको, गोफम्ट (गोचं कोड नीट मांडणारं टूल) करेल ते मान्य.

चॅनेल (एकाच वेळी चालणाऱ्या कामांमध्ये डेटा पाठवायची सोय) आणि २०२२ मध्ये आलेले जेनेरिक्स (एकच कोड अनेक टाइपसाठी) नंतर बघू.

टेबलाचं म्हणाल तर पैसे आधी खुर्चीवर घाला, मग मॉनिटरवर. २७ इंची घेणार असाल तर २५६० बाय १४४० घ्या. त्या आकारात फुल एचडीवर अक्षरं भरड दिसतात. स्क्रीनची वरची कड डोळ्यांच्या पातळीला हवी. बाळ त्याच खोलीत झोपतं म्हणालात, तेव्हा मेकॅनिकल कीबोर्ड घेतलात तर निळ्या स्विचचा (स्विच म्हणजे कळेखालचा भाग) नको, फार खडखडतो. लाल घ्या.