एमसीबी सारखा पडतो, मोठा बसवू का?

प्रश्न : दीड टनाचा एसी 16 अँपिअरच्या एमसीबीवर (करंट जास्त झाला की आपोआप पडणारा स्विच) आहे. उन्हाळ्यात वीस-पंचवीस मिनिटं चालला की एमसीबी पडतो. वायर अडीच स्क्वेअर एमएमची, तांब्याची. वायरमन 32 चा बसवू म्हणतो. बसवावा का? (सांगली)

अजिबात नको. एमसीबी एसीसाठी नसतो, भिंतीतल्या वायरसाठी असतो. पाइपातून गेलेली अडीचची वायर साधारण 20 अँपिअर सोसते, उन्हाळ्यात आणि एका पाइपात बऱ्याच वायरी असतील तर त्याहून कमी. 32 चा एमसीबी 36 अँपिअरला तासभर पडत नाही, आणि 46 ला पडायलाही तासापर्यंत वेळ घेऊ शकतो. तेवढ्यात पाइपातल्या वायरीवरचं पीव्हीसी मऊ होऊन जळू लागेल आणि बाहेर कुणाला कळणारही नाही. 32 च्या एमसीबीला निदान सहाची वायर लागते.

तुमच्या एसीला चालताना साधारण 7 ते 9 अँपिअर लागतात. म्हणजे 16 चा पडायलाच नको. वीस मिनिटांनी पडतो याचा अर्थ शॉर्ट नाही, एमसीबीच्या आतली दोन धातूंची पट्टी तापून वाकते आहे. ती जास्त करंटने तापते, तशी वायर धरणाऱ्या ढिल्या स्क्रूच्या उष्णतेनेही तापते. आमचा पहिला संशय स्क्रूवर आहे. मेन स्विच बंद करून, टेस्टरने खात्री करून एमसीबीची दोन्ही टोकं पाहा. वायरीचं आवरण तपकिरी झालं असेल किंवा स्क्रू हाताला सैल लागत असेल तर जळका भाग कापून टाका, 10-12 मिमी तांबं सोलून पुन्हा घट्ट आवळा. आवरण स्क्रूखाली दाबलं जाऊ देऊ नका. एमसीबीचं अंग काळवंडलं असेल तर तो बदलाच. एसीचा प्लग आणि सॉकेटही बघा, तिथेही हीच गडबड असते.

स्क्रू घट्ट असतील तर क्लॅम्प मीटरने (वायरीभोवती चिमटा अडकवून मोजणारा मीटर) करंट मोजा. जास्त भरला तर त्याच लाइनवर इस्त्री किंवा गीझर जोडलेला आहे का ते शोधा. बाहेरच्या युनिटची जाळी धुळीने बुजली असेल तरी करंट वाढतो. एसी सुरू होताक्षणी एमसीबी पडत असता तर गोष्ट वेगळी. बी प्रकारचा एमसीबी त्याच्यावर लिहिलेल्या अँपिअरच्या 3 ते 5 पट करंटला क्षणात पडतो, सी प्रकारचा 5 ते 10 पटीला. मोटर सुरू होताना घेते तो झटका सी सोसतो, म्हणून एसीला आणि पंपाला सी घ्यावा. आणि वर करताच खाली पडणारा एमसीबी पुन्हापुन्हा उचलू नका, तो शॉर्ट आहे.

प्रश्न : पावसाळ्यात आरसीसीबी (करंट जमिनीत गळू लागला की पडणारा स्विच) रात्री-अपरात्री पडतो. म्हणून वायरमनने तो वगळून थेट जोडणी केली. चालेल का? (रत्नागिरी)

नाही. आजच पूर्ववत करून घ्या. आरसीसीबी फेजने गेलेला आणि न्यूट्रलने परतलेला करंट ताडून पाहतो. दोघांत 30 मिलिअँपिअरचा फरक पडला, म्हणजे करंट पाण्यातून, भिंतीतून किंवा माणसातून जमिनीत जातो आहे, की तो पडतो. पावसाळ्यात पडतो तो बहुधा बरोबरच असतो. व्हरांड्यातला दिवा, गच्चीवरचा बोर्ड, पंपाचा डबा, गीझरचं एलिमेंट, यांत कुठेतरी ओल शिरलेली असते.

शोधायची रीत अशी. सगळे एमसीबी खाली करा, आरसीसीबी वर करा, मग एकेक एमसीबी वर करत जा. ज्याला पडला ती लाइन दोषी. सगळे एमसीबी खाली असतानाही पडला, तर दोष न्यूट्रलमध्ये असू शकतो, कारण साधा एमसीबी फक्त फेज तोडतो. मग मेन बंद करून न्यूट्रल पट्टीवरच्या वायरी एकेक सोडवून तपासावं लागतं. हे काम परवानाधारक वायरमनचं. घरात इन्व्हर्टर असेल तर त्याचा न्यूट्रल आरसीसीबीनंतरच्या दुसऱ्या लाइनच्या न्यूट्रलमध्ये मिसळलेला नाही ना, तेही त्याला पाहायला सांगा. अशा घोटाळ्यात ओल नसतानाही तो पडत राहतो.

शक्य असेल तर बाहेरच्या आणि ओल्या जागांच्या लाइनींना वेगळा आरसीसीबी द्या, म्हणजे रात्री सगळं घर अंधारात जाणार नाही. महिन्यातून एकदा टेस्टचं बटण दाबा. मात्र बटणाने आरसीसीबीची यंत्रणा कळते, अर्थिंग नीट आहे की नाही ते कळत नाही. ते वेगळं मोजून घ्यावं लागतं.

प्रश्न : आरसीसीबी बसवला, आता एमसीबी काढले तर? (नाशिक)

काढू नका. नुसत्या आरसीसीबीला ओव्हरलोड किंवा फेज-न्यूट्रल शॉर्ट कळत नाही, कारण गेला तेवढाच करंट परत येत असतो. 40 अँपिअरच्या आरसीसीबीला 40 किंवा त्याहून कमीचा एमसीबी सोबत लागतोच.

प्रश्न : जुन्या घरात न्यूट्रललाही किटकॅट फ्यूज (चिनी मातीचा, तार घालायचा) आहे. राहू द्यावा का? (वाई)

काढून घ्या. तो उडाला तर दिवा विझतो पण होल्डरमध्ये फेज जिवंत राहतो, आणि लाइट नाही असं समजून माणूस हात घालतो. मेनला दोन्ही तारा एकदम तोडणारा डबल पोल एमसीबी बसवा.